पाइपची दांडी दातात जाड लागते, वाकवताना दबते

प्रश्न : रिटायर झाल्यावर हाताने तंबाखू ओढायचा पाइप बनवायचा छंद लागलाय. ब्रायरचं लाकूड जमतंय, पण एबोनाइटची (गंधक घालून कडक केलेल्या रबराची) दांडी दातात धरली की जाड लागते. अजून घासली तर भोक उघडं पडेल अशी भीती वाटते. एक तर वाकवताना आतून दबलीच, आता हवाच जात नाही. काय करू?

उत्तर : ओढता की नुसतेच बनवता ते विचारत नाही 😀 पण काका, तुमचा घोळ कानशीचा नाहीये, भोकाचा आहे. ४ मिमीचं गोल भोक तोंडापर्यंत तसंच नेलं तर दांडी पातळ होणारच कशी, वर-खाली काहीतरी भिंत राहायला पाहिजे ना. म्हणून ४ मिमीचं ड्रिल तोंडाच्या दोनेक सेंटीमीटर आधी थांबवायचं, पुढे बारीक ड्रिलने आरपार जायचं आणि मग तोंडाकडून नीडल फाइलने आडवी फट उघडत आत न्यायची, पंख्यासारखी. हिशोब सोपाय, ४ मिमी गोल भोकाचं क्षेत्रफळ साधारण १२.५ चौरस मिमी, आणि ८ बाय दीडची फट म्हणजे १२, म्हणजे हवा जवळपास तेवढीच जाते आणि उंची मात्र निम्म्याहून कमी. आता दातांच्या जागी बाहेरून ४ मिमी ठेवलं तरी वर-खाली सव्वा-सव्वा मिमी उरतं, भरपूर झालं. मात्र कानस मारताना दर थोड्या वेळाने व्हर्नियर लावा, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. टोकाला ओठामागे अडकणारी कड आधी आखून सोडा, ती गेली की परत येत नाही. आणि लाकडाला भिडणारा भाग दांडी लाकडात बसवूनच घासा, लाकडावर टेप लावून, नाहीतर जोडावर पायरी राहते.

दबलेली फेकू नका हं! एबोनाइटला जुना आकार आठवतो, हीट गनने लांबून फिरवत सावकाश गरम केलं की बहुतेक वेळा ती आपोआप सरळ होते आणि भोकही उघडतं. मग आत पाइप क्लीनर घालून परत वाकवा, आकार धरून ठेवत गार पाण्यात बुडवा. वाकवणं शेवटच्या पॉलिशच्या आधी, कारण उष्णतेने चकाकी जाते. सँडपेपर २२०, ४००, ६००, १००० नंबरचा, मग बफ. घासताना गंधकाचा वास येणारच, मास्क लावा. तयार पाइप उन्हात ठेवू नका, दांडी हिरवट-तपकिरी पडते. तो त्रास नको असेल तर ॲक्रिलिक घ्या, पण ते दातांना कडक लागतं आणि वाकवायला उष्णता जास्त लागते, जरा जास्त झाली की आत बुडबुडे. मी तरी एबोनाइटच घेईन.