एन्सेम्बल स्टुडिओज: गेम चालत होते, मग कंपनी का गेली?

प्रश्न दोन आहेत. एज ऑफ एम्पायर्स हा राज्य उभं करून लढायचा कॉम्प्युटर गेम एवढा चालत असताना तो बनवणारी एन्सेम्बल बंद का पडली, आणि आज आपण खेळतो त्या नव्या आवृत्त्या त्यांच्याच आहेत का. दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

"मंदीत गेली" हे सरसकट दिलं जाणारं उत्तर मला पटत नाही. कंपनी बंद होणार हे बाहेर आलं सप्टेंबर 2008 च्या दुसऱ्या आठवड्यात. जिच्या बुडण्याने मंदी भडकली ती लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक तेव्हा अजून बुडायची होती, आणि असले निर्णय काही एका रात्रीत होत नाहीत. गेम आपटले म्हणूनही नाही, कारण त्यांचा एकही मोठा गेम आपटलेला नाही. घोडं पेंड खातं ते वेगळीकडेच: कंपनीला जे करायचं होतं आणि मालकाला, म्हणजे मायक्रोसॉफ्टला, जे हवं होतं, त्यांचा मेळच राहिला नव्हता.

मुळात ही मंडळी गेमवाली नव्हेत. टोनी गुडमनची डॅलसमध्ये एन्सेम्बल कॉर्पोरेशन नावाची फर्म होती, इतर कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देणारी. 1995 च्या सुमारास त्यातल्या काहींनी गेमचा नाद धरला. टोनीचा भाऊ रिक आला, जुन्या ओळखीतून ब्रूस शेली आला. शेली म्हणजे सिड मायरसोबत 'सिव्हिलायझेशन' हा गाजलेला गेम केलेला माणूस, त्यामुळे अनुभवाची बाजू भक्कम झाली. 'डॉन ऑफ मॅन' या नावाने सुरू झालेला त्यांचा गेम 1997 मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स' म्हणून आला. 1999 ला दुसरा भाग, 2000 ला त्याची पुरवणी 'कॉन्करर्स'. 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' हा चीट कोड टाइप करून कोब्रा गाडी काढणं ज्यांनी केलंय, त्यांना या दोघांबद्दल वेगळं सांगायला नको.

लोक ग्राफिक्सचं कौतुक करतात. मला त्यांची खरी करामत नेटवर्कमध्ये दिसते. पहिल्या भागासाठी त्यांनी धरलेली मशीन म्हणजे 90 मेगाहर्ट्झचा पेंटियम, 16 एमबी रॅम आणि 28.8 चा मॉडेम. त्यावर आठ जण एकत्र खेळायचे. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, किती जखमी आहे हे सगळं तारेवरून पाठवायचं तर फार तर अडीचशे हलते सैनिक मावले असते. म्हणून त्यांनी सैनिकांची माहिती पाठवलीच नाही, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवले. प्रत्येक कॉम्प्युटर तीच लढाई आपापल्या जागी स्वतंत्रपणे चालवायचा, आणि आत्ता दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर सगळीकडे एकाच वेळी अमलात यायचा. एक फेरी साधारण 200 मिलिसेकंदांची. खेळाडूंना हा उशीर खुपत नाही, तो सतत कमीजास्त झाला तर खुपतो, हेही त्यांनी खेळवून खेळवून शोधलं.

यातली गोम अशी की आठही मशीनवर सगळं तंतोतंत सारखं घडायला हवं. मार्क टेरानो आणि पॉल बेटनर या त्यांच्याच माणसांनी 2001 मध्ये यावर लिहिलंय. नकाशा तयार होताना एका मशीनवर एक हरीण जरासं तिरकं उभं राहिलं, की ते चरायला थोडं वेगळीकडे जाणार. काही मिनिटांनी शिकाऱ्याची वाट किंचित बदलणार किंवा त्याचा भाला हुकणार, आणि तो मांस न घेताच परतणार. मग दोन मशीनवर दोन वेगळे खेळ! अशी चूक पकडायची म्हणजे हरणापर्यंत उलटं चालत जायचं.

मे 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. त्याच वर्षाअखेर मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल एक्सबॉक्स आला आणि मालकाचं लक्ष पीसीवरून उडायला लागलं. 2002 ला 'एज ऑफ मिथॉलॉजी' आणि 2005 ला तिसरा भाग हे दोन्ही चांगले खपले, तिसऱ्याच्या तर दीड-दोन वर्षांत वीस लाख प्रती गेल्या. पण एव्हाना एन्सेम्बलच्या लोकांना तेच ते स्ट्रॅटेजी गेम करून कंटाळा आला होता. एक गट कन्सोलवर स्ट्रॅटेजी कशी खेळता येईल ते 'मिथॉलॉजी'वरच प्रयोग करून बघत होता. त्यांची कल्पना स्वतःच्या नव्या विज्ञानकथेची होती. मालक म्हणाला, करा, पण हेलोच्या नावाने, म्हणजे एक्सबॉक्सवरच्या आमच्या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमच्या नावाने. त्यातून 'हेलो वॉर्स' झाला. दुसरा मोठा गट हेलोच्याच जगात हजारोंनी एकत्र खेळायचा ऑनलाइन गेम बांधत होता, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या धर्तीवर. तो काही वर्षांनी रद्द झाला.

आता मालकाच्या जागी बसून बघा. शंभरावर माणसं, पगार मोठे, एक गेम व्हायला तीन-चार वर्षं, आणि निम्मे लोक अशा कामावर जे कधी दुकानात येईल याचा भरवसा नाही. शेलीनेही नंतर कंपनी खर्चिक होती हे मान्य केलंय. तरी 'हेलो वॉर्स' हातात येण्याआधीच दार लावायचं ठरवणं हा करंटेपणाच. जाहीर झाल्यावरही लोकांनी थांबून गेम पूर्ण केला. जानेवारी 2009 च्या शेवटी कंपनी बंद झाली, पुढच्या दोन महिन्यांत गेम जगभर आला आणि दहा लाखांवर खपला.

माणसं पांगली पण डॅलस परिसरातच. टोनी गुडमनने रोबोट एंटरटेनमेंट काढली, तिथून 'ऑर्क्स मस्ट डाय' आला. काहींनी बॉनफायर काढली, ती झिंगा या गेम कंपनीने घेतली आणि 2013 मध्ये बंद केली. पॉल बेटनर आणि त्याचा भाऊ तर आधीच बाहेर पडले होते, त्यांच्या न्यूटॉयने 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' केला. रिक गुडमन त्याहून आधीचा. पहिल्या भागानंतर जाऊन त्याने स्टेनलेस स्टील स्टुडिओज काढली, 'एम्पायर अर्थ' गाजवला, आणि तीही 2005 मध्ये गेली.

राहिल्या नव्या आवृत्त्या. दुसऱ्या भागाची 2013 ची एचडी आवृत्ती हिडन पाथ या कंपनीने केली आणि 2019 ची डेफिनिटिव्ह एडिशन फरगॉटन एम्पायर्सने, जे मुळात मॉड, म्हणजे गेममध्ये आपले बदल, करणारे चाहतेच. चौथा भाग (2021) रेलिक या कंपनीचा. एन्सेम्बलच्या दुसऱ्या भागात भारतीय सिव्ह (खेळायला निवडायची संस्कृती) नव्हतीच, ती 2013 मध्ये आली. 2022 च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने तिचे हिंदुस्तानी केले आणि सोबत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आणले. तिसऱ्या भागातले भारतीय, ज्यांचे गावकरी धान्याऐवजी लाकडावर तयार होतात आणि गायी खात नाहीत, ते मात्र एन्सेम्बलच्याच काळातले, 2007 चे, बिग ह्यूज गेम्ससोबत केलेले.