पावसाळ्यात परवान्याच्या रिव्हॉल्व्हरवर गंजाचे ठिपके येतात, काय करावं?

चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवत असाल, तर बहुधा तेच कारण. कोकणातल्या जुलैत चामडं ओल धरून बसतं. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून कुलपात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात.

साफ करण्याआधी नळी सुरक्षित दिशेला धरून सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, रिकामा करा आणि त्याची सहाही घरं बोटाने चाचपा, नुसती बघू नका. मग नळी, घरं ब्रशने घासून कोरडी पुसा, वरून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. जास्त तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की बार फुसका जातो. काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली मात्र जुना टूथब्रश फिरवाच; तिथे दारूचे दोन कण अडकले तरी सिलिंडर अडखळतो. आणि सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने बंद करणं सोडा!