फाईल बाजूला ठेव, आधी तिचं लिही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझी पानं मिळाली. तुझ्या धाकट्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आणि भांडी वाटण्याऐवजी तीच द्यायची, हे मला मनापासून पटलं. पण स्पष्ट बोलते, तुला माझी सवय आहेच. पहिल्या पानावर निदान, दुसऱ्यावर बोन मॅरोची तपासणी, मग केमो, प्लेटलेट्स, मुंबईत परळचं हॉस्पिटल, पुन्हा परळ. अरे, दहा वर्षांतली आठ वर्षं ती ठणठणीत होती! ती कुठे गेली? हॉस्पिटलची फाईल जाडजूड आहे म्हणून लिहायला तीच सोपी जाते. ती बाजूला ठेव.

पहिली ते तिसरी ती माझ्या वर्गात होती, तेव्हा थोडं मीच पुरवते. पाढे तिला कधी आले नाहीत. पण तुमच्या घरामागे बाबांचे चार माग चालायचे, त्यातला एक बंद पडला की ही उंबऱ्यात गृहपाठ करता करता मान वर न करता ओरडायची, "बाबा, एक थांबला बे!" मला तर त्या खडखडाटात स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. शेजारच्या अक्कांकडून तेलुगू शिव्या शिकून तिने त्या अख्ख्या वर्गाला शिकवल्या, तेही लिही. अक्कांना विचार, त्या हसतील आणि मग रडतील. दोन्ही होऊ दे.

गड्ड्याचं, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेचं, तर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. बाराबंदी घातलेल्या बाबांच्या खांद्यावर बसून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" म्हणून घसा बसेपर्यंत कोण ओरडायचं? आणि होम मैदानावरच्या मोठ्या पाळण्यात बसायचंच म्हणून रस्त्यात लोळण कोणी घेतली होती?

आजाराबद्दल लिहूच नको, असं नाही. मात्र त्यातही ती दिसली पाहिजे. "ती शेवटपर्यंत हसतमुखाने लढली" हे वाक्य आधी खोड. सुई टोचायला आलेल्या सिस्टरना ती बोचकारायची, असं तूच मला सांगितलं होतंस. स्टेरॉइड चालू असताना मुलांना भलती भूक लागते, चिडचीड होते. त्या दिवसांत परळच्या खोलीत रात्री दोन वाजता तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आईने चटणीचा डबा उघडून नुसता वास दिला होता, कारण तिचं तोंड आलं होतं. हा प्रसंग तुझ्या पानांत अर्ध्या ओळीत उरकलाय. त्याला पान दे.

आता एका गोष्टीबद्दल ताकीद. "ब्लड कॅन्सर म्हणजे सगळं संपलं" असं तू लिहिलंयस. तिच्यापुरतं ते खरं ठरलं, आजार उलटला. पण ही पुस्तिका उद्या अशा घरात जाईल जिथे एखाद्या पोराचे उपचार चालू असतील. लहान मुलांत सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे हाच, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि पूर्ण उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत मात्र ३० टक्क्यांहून कमी. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणं. उपचार दोन-तीन वर्षं चालतात, तेवढ्यात माणसं खचतात, पैसे संपतात. तुझं एक वाक्य वाचून कुणी मध्येच उपचार सोडता कामा नयेत.

आणि तो सदाफुलीच्या काढ्याचा परिच्छेदही काढ. तिला दिलेलं व्हिनक्रिस्टिन सदाफुलीतूनच मिळतं, हे खरं. पण ते शुद्ध करून, मोजून-मापून शिरेतून देतात. अंगणातली सदाफुली विषारी आहे. फोनवर फिरणारे असले उपाय आपण छापायचे नाहीत.

आणखी एक, जरा अवघड. या सगळ्यात तू कुठे आहेस? तुझं दहावीचं वर्ष होतं. आईबाबा तिला घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचे आणि तू आत्याकडे परतायचास. सगळे विचारायचे, "ती कशी आहे?" तुला कोणी विचारत नव्हतं. तुला तिचा राग यायचा का? आला असेल तर लिही. छापायचं की नाही ते नंतर ठरवू. भावंडांचा हा राग फार नैसर्गिक असतो, आणि नंतर तोच आतून खात राहतो. नुसतं लिहून भागत नाही, झोप येत नाही, असं असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

घरात तिचं नाव काढायचं बंद झालंय, असं तू लिहिलंस. बाबांना समोर बसवून प्रश्न विचारू नकोस, ते उठून मागाकडे जातील. त्यापेक्षा आईच्या जुन्या फोनमधले फोटो त्यांच्या शेजारी बसून चाळ. त्यांना बोलावंसं वाटलं तर बोलतील. नाही बोलले तर त्या दिवशी राहू दे. तो फोन बंद पडायच्या आत त्यातले तिच्या आवाजाचे व्हॉइस मेसेज मात्र आजच दुसरीकडे उतरवून ठेव. हे काम पुस्तिकेच्याही आधीचं. आणि छापायला देण्यापूर्वी आईला एकदा सगळं वाचून दाखव. ती म्हणेल ते गाळायचं, वाद घालायचा नाही.

नवा मसुदा गड्ड्याच्या आधी आणून दे. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. तिच्या तोंडचा "बे" मात्र एकही काढणार नाही.

तुझ्या
बाई