नेटवर्क ड्राइव्ह बंद आहे, की फायलीच गेल्या?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जेकार्डची (विणून काढायच्या नक्षीची) डिझाइन्स शेडमधल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेजवर असतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडली आहेत. फायली शोधायचं सॉफ्टवेअर पहाटे ३ वाजता स्कॅन करतं. रात्री शेडचा मेन स्विच बंद केला, की सकाळी सर्चमध्ये एकही डिझाइन सापडत नाही. नॅसवर मात्र सगळं जागच्या जागी असतं. असं का होतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : 'ड्राइव्ह सापडली नाही' आणि 'ड्राइव्हवर काहीच नाही' यांत तुमचं सॉफ्टवेअर फरक करत नाही. पहाटे झेड उघडत नाही, यादी रिकामी येते आणि फायली डिलीट झाल्या असं समजून ते जुन्या नोंदी काढून टाकतं. आधी स्कॅनची वेळ बदला. नॅस सुरू झाल्यावर शेअर (त्यावरचा सामायिक फोल्डर) दिसायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे कारखाना ८ वाजता उघडत असेल तर स्कॅन ८.३० ला ठेवा.

पण लाइट कधीही जाते, म्हणून पक्का बंदोबस्त हवाच. डिझाइनच्या शेअरमध्ये सगळ्यात वर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा. तिचं नाव इंग्रजीतच द्या. देवनागरी नावांवर बॅच फाइल (ओळीनं कमांड चालवणारी छोटी फाइल) बऱ्याचदा अडखळते. आता स्कॅन विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवायची सोय) बॅच फाइलनं सुरू करा आणि तिच्यात 'इफ एक्झिस्ट'नं ही खूणफाइल तपासा. दिसली तर स्कॅन, नाही तर त्या दिवशी सुट्टी. नुसत्या पिंगवर (नॅस नेटवर्कवर उत्तर देतो का, एवढंच पाहणारी कमांड) विसंबू नका. पिंगला उत्तर आलं तरी शेअर उघडलेला नसतो, किंवा पासवर्ड बदललेला असतो.

बॅचमध्ये 'झेड' लिहू नका. ड्राइव्हचं अक्षर त्या लॉगिनपुरतंच असतं. टास्क दुसऱ्या अकाउंटवरून चालला, तर नॅस चालू असूनही त्याला झेड दिसत नाही. 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण केली असली तरी बहुधा तेच होतं. दोन बॅकस्लॅश, नॅसचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या. सॉफ्टवेअरच्या फोल्डर यादीतही हाच पत्ता हवा. नॅसचा पासवर्ड टास्क ज्या अकाउंटवर चालतो, त्याच अकाउंटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवा.

तरी अडलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये जोडलेल्या ड्राइव्हची स्थिती दाखवणारी 'नेट यूज' ही कमांड चालवा. 'डिस्कनेक्टेड' दिसलं तर घाबरू नका. काही वेळ वापर नसला की जोडणी सुटते आणि फोल्डर उघडला की पुन्हा जुळते. 'अनअव्हेलेबल' असेल, तर लॉगिनच्या वेळी नॅस सापडलाच नव्हता.

नॅस बंद असतानाही नावं शोधायची असतील तर 'एव्हरीथिंग' या फायली शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल लिस्ट एडिटरनं शेअरची यादी बनवून ठेवा आणि ऑप्शन्समधल्या फाइल लिस्ट्समध्ये जोडा. नवीन डिझाइन्स आली की यादी पुन्हा बनवावी लागते.

आणि कृपा करून मेन स्विच बंद करून नॅस बंद करू नका. आधी त्याच्या मेनूतून शटडाउन द्या. अचानक वीज तोडल्यानं फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि मग डिझाइन्स खरोखरच जातील.

प्रश्न : जुना सर्व्हर काढून टाकला. आता फाइल सेव्ह करायची खिडकी उघडली की कॉम्प्युटर बराच वेळ अडकतो.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : त्या सर्व्हरची मॅप केलेली ड्राइव्ह अजून यादीत असणार आणि विंडोज दर वेळी तिची वाट पाहत असणार. 'धिस पीसी'मध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. क्विक अ‍ॅक्सेसमध्ये तिचे फोल्डर पिन केले असतील तर तेही काढा.