वीजदर ठरवणारी माणसं आपण निवडून द्यावीत का?

वाचकांचे प्रश्न : वीज आणि ग्राहक

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. अठरा वर्षांपासून अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या दोन जागांसाठी मत दिलं. बिलं वाढली होती आणि लोक चिडलेले होते. खुर्चीवरचे दोन्ही सदस्य ६० टक्क्यांहून जास्त मतं विरोधात जाऊन पडले. वीजदर ठरवणाऱ्याला मतदार घरी पाठवू शकतो, हे पाहून बरं वाटलं. माझे आईवडील साताऱ्यात बिल भरतात. तिथले दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगावर कोण बसलंय हे त्यांना ठाऊकही नाही. आपल्याकडे अशी निवडणूक का नसावी?
– एक वाचक, अल्फारेटा (जॉर्जिया)

उत्तर : ज्या मतदानाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी जवळून पाहिलं. तेव्हा मी कमिंगला लेकीकडे होते, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. वीज मंडळात आणि पुढे वितरण कंपनीत हिशेबाच्या टेबलावर एकतीस वर्षं गेल्यामुळे समोर आलेलं बिल वाचायची सवय सुटत नाही. लेकीचं बिल उघडलं तर ते जॉर्जिया पॉवरचं, म्हणजे तुमचं कमिशन जिचे दर ठरवतं त्या कंपनीचं, नव्हतंच. तिच्याकडे सॉनी ईएमसी या सहकारी संस्थेची वीज येते. त्या संस्थेचे दर सभासदांनी निवडलेलं संचालक मंडळ ठरवतं, तुमचं कमिशन नाही. तरीही कमिशनसाठी तिला मत होतंच, कारण मतदान राज्यभर असतं. पाच सदस्यांपैकी प्रत्येकानं आपापल्या विभागात राहायला हवं, पण त्याला मत देतं अख्खं राज्य. याच पद्धतीविरुद्ध कृष्णवर्णीय मतदार कोर्टात गेले, म्हणून २०२२ आणि २०२४ मध्ये कमिशनची निवडणूक झालीच नाही. पद्धत शेवटी तीच राहिली. पण मधल्या काळात ज्यांची सहा वर्षांची मुदत संपली होती ते सदस्य जागेवर राहून निर्णय घेत होते.

तुमचं समाधान मी कमी लेखत नाही. माझ्या नोकरीत कितीतरी ग्राहक खिडकीपाशी बिल आपटून परत गेले. त्या रागाला जायला जागा नव्हती. तुमच्या राज्यात ती मिळाली. पण ती कधी मिळाली, ते पाहा.

जॉर्जियाच्या दरवाढीमागे बरंच काही आहे, पण सगळ्यात मोठं ओझं ऑगस्टाजवळच्या व्होगल अणुप्रकल्पाच्या दोन नव्या संचांचं. २००९ मध्ये कमिशननं त्यांना मान्यता दिली, तेव्हा अंदाज सुमारे १,४०० कोटी डॉलरचा होता. त्याच वर्षी विधिमंडळानं कायदा केला की संच सुरू होण्याआधीच भांडवलावरचा खर्च ग्राहकांकडून घेता येईल. २०११पासून तो बिलात वेगळ्या ओळीनं येऊ लागला, विजेचा एक युनिटही तयार झालेला नसताना. २०१७ मध्ये अणुभट्टी पुरवणारी वेस्टिंगहाऊस दिवाळखोरीत गेली. प्रकल्प थांबवायचा की पुढे न्यायचा, हा प्रश्न त्या डिसेंबरमध्ये कमिशनपुढे होता आणि निवडून आलेल्या सगळ्या सदस्यांनी पुढे न्यायचं ठरवलं. तिसरा संच २०२३च्या जुलैअखेर सुरू झाला, चौथा २०२४च्या एप्रिलमध्ये. खर्च तोवर ३,००० कोटी डॉलर ओलांडून गेला होता.

म्हणजे ज्या निर्णयाचं बिल तुम्ही भरताय तो २००९ आणि २०१७चा, आणि तुमचा राग मतपेटीत पडला २०२५ला. काँक्रीट ओतून झालं होतं, कर्ज काढून झालं होतं. ४ नोव्हेंबरला तुम्ही दोन सदस्य बदललेत. १९ डिसेंबरला, नवे लोक जागेवर बसण्याआधी, जुन्या पाचांनी एकमतानं आणखी सुमारे १० हजार मेगावॉट क्षमतेला मंजुरी दिली, मुख्यतः डेटा सेंटरांसाठी. हा निर्णय बरोबर की चूक ते वीस वर्षांनी कळेल. पण तुमच्या मतानं तो अडला नाही. वीजदराचा धंदा असा आहे की मोठी चूक एका दिवसात होते आणि तिचे हप्ते पस्तीस-चाळीस वर्षं चालतात. सहा वर्षांनी येणारं मतदान हप्ते भरणाऱ्याला बोलायला देतं, चूक करणाऱ्याचा हात धरत नाही.

आता आपल्याकडे या. आयोगाच्या निवडणुकीला माझा विरोध आहे आणि त्याचं मुख्य कारण विद्युत कायदा २००३च्या कलम ६५ मध्ये आहे. राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर त्या सवलतीचे पैसे सरकारनं आगाऊ भरायचे, असं हे कलम सांगतं. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली, ती सरकारनं जाहीर केली आणि तिचा बोजा अर्थसंकल्पावर आला. योजना कुणाला पटो न पटो, पैसा कुठून येतो ते विधानसभेत विचारता येतं.

आयोगाकडे तिजोरी नसते. समजा उद्या आयोगाच्या पाटीखाली मतं मागायला उमेदवार उभे राहिले. सांगलीत एक म्हणेल घरगुती दर निम्मा करतो, नगरला दुसरा म्हणेल पंपाचं बिल शून्य करतो. निवडून आल्यावर पैसे आणणार कुठून? जागा दोनच. एक तर दुसऱ्या ग्राहकाच्या बिलात घालायचे, आणि तो असतो इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा चाकणचा कारखानदार, ज्याला मतं कमी. नाहीतर आजचा खर्च आज वसूल न करता पुढे ढकलायचा. हिशेबात त्याला ‘नियामक मत्ता’ म्हणतात. नावात मत्ता असली तरी ग्राहकाच्या दृष्टीनं ते व्याजासकट फेडायचं कर्ज.

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. दिल्लीत आयोग नेमलेलाच आहे, तरी तिथे अशी थकलेली रक्कम २७ हजार कोटी रुपयांच्या वर गेली, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती ठरावीक मुदतीत फेडा असं सांगावं लागलं. नेमलेली माणसं आपोआप खंबीर होत नाहीत, हे मला मान्य आहे. ओहायोचंच बघा. तिथे आयोगाचा अध्यक्ष गव्हर्नर नेमतो. २०१९ मध्ये अध्यक्ष होणाऱ्या माणसाला नेमणुकीच्या तोंडावर ४३ लाख डॉलर दिल्याचं फर्स्टएनर्जी या वीज कंपनीनं २०२१ मध्ये सरकारी वकिलांपुढे कबूल केलं.

निवडणुकीतही पैसा शिरतोच, फक्त दुसऱ्या दारानं. ॲरिझोनात कमिशनचे पाचही सदस्य निवडून येतात. तिथल्या सर्वात मोठ्या वीज कंपनीची मूळ कंपनी पिनॅकल वेस्ट हिनं २०१४च्या निवडणुकीत १ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि ते पाच वर्षांनी, २०१९ मध्ये उघड झालं. म्हणजे आपले दर ठरवणाऱ्याला कंपनीनंच निवडून आणायचं, आणि तेही ग्राहकाला कळू न देता.

त्याच ॲरिझोनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८च्या सप्टेंबरमध्ये फीनिक्सजवळ ५१ डॉलरच्या बाकीपायी एका ७२ वर्षांच्या बाईंची वीज तोडली गेली आणि त्या उन्हात त्या घरात दगावल्या. पुढच्या जूनमध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रात आल्यावर काही दिवसांतच कमिशननं उन्हाळ्यात घरगुती वीज तोडायला मनाई केली. मतं मागायला जायचं असतं त्याला असं मरण ऐकू येतं. वीजतोडणीच्या याद्यांवर मी वर्षानुवर्षं सह्या केल्या आहेत. कुठल्या घरात कोण आजारी आहे हे त्या यादीत कधी नसायचं. म्हणून ती बातमी वाचली तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

अमेरिकेत दहाएक राज्यांत हे सदस्य लोक निवडतात. न्यू मेक्सिकोही त्यांत होतं. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनीच कौल देऊन ती पद्धत बंद केली. २०२३पासून तिथे तीन सदस्य नेमले जातात. निवड समिती यादी करते, त्यातून गव्हर्नर नेमतात आणि राज्याचं सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरिष्ठ सभागृह, संमती देतं.

आपल्याकडे हवं ते यातलं सिनेट. कलम ८५प्रमाणे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेली व्यक्ती, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष अशी तिघांची समिती बसते, दोन नावं सुचवते आणि सरकार त्यातलं एक निवडतं. हे सगळं बंद दाराआड होतं. ती दोन नावं आधी जाहीर करा. दोघांना विधिमंडळाच्या समितीपुढे बसवा आणि स्थिर आकाराबद्दल (वापर कितीही असो, बिलात लागणारी ठरावीक रक्कम), विजेच्या गळतीबद्दल, कृषिपंपांच्या मीटर नसलेल्या वापराबद्दल प्रश्न विचारा. साताऱ्यात तुमच्या आईवडिलांना ते पाहता येऊ द्या. निवडणुकीपेक्षा मला हे जास्त हवंय.

प्रश्न : आयोगावर बहुतेक निवृत्त अधिकारी असतात. ते सरकारला दुखावतील कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाच वर्षांची किंवा वयाच्या ६५व्या वर्षापर्यंतची मुदत, त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही, पद सोडल्यावर दोन वर्षं व्यापारी नोकरी नाही, इतकी बंधनं कायद्यात आहेत. पुन्हा त्याच खुर्चीची आशा नसणं ही मोठी गोष्ट आहे. पण सरकारी पदांची आशा ठेवायला बंदी नाही, आणि ती घालायला हवी.

प्रश्न : दरवाढीच्या सुनावणीला जाऊन काही होतं का, की नुसती हजेरी?
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : होतं. पुण्याच्या एका सुनावणीत तुमच्याच गावचे एक गृहस्थ पिशवीत तीन वर्षांची बिलं घेऊन आले होते. भाषण केलं नाही. मंजूर भारापेक्षा आपला वापर कुठल्या महिन्यात किती कमी होता आणि तरी स्थिर आकार कसा तेवढाच लागला, एवढंच बिलं दाखवून सांगितलं. काही महिन्यांनी आदेश आला. त्यात त्यांच्या नावानं हरकत छापलेली, खाली कंपनीचं उत्तर, त्याखाली आयोगाचं मत. मागणी पूर्ण मान्य झाली नव्हती. पण आयोगाला कारण लिहून द्यावं लागलं, आणि लिहिलेल्या कारणाविरुद्ध दिल्लीत अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं.

तुम्ही असं करा. कंपनीची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते, तिच्यातली मुदत आधी पाहा. हरकत लेखी द्या, एका पानावर एकच मुद्दा, सोबत बिलांच्या प्रती. ‘प्रत्यक्ष बोलायचं आहे’ हे त्यात स्पष्ट लिहा. कलम ९४प्रमाणे आयोगानं ग्राहक प्रतिनिधी नेमलेले असतात, त्यांनाही प्रत पाठवा; प्रस्तावातली आकडेवारी त्यांनी आधीच चाळलेली असते. आणि निम्म्या गावाची एकाच मजकुराची पत्रं पाठवू नका. आदेशात ती सगळी मिळून एकच हरकत धरली जाते. दहा जणांनी आपापली दहा बिलं पाठवली तर दहा उत्तरं द्यावी लागतात.