वाघोलीच्या फ्लॅटविषयी

अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या वाघोलीतला फ्लॅट ‘गुंतवणूक म्हणून’ घ्यावा का, असे तू विचारले आहेस. साठवलेला पैसा आणि 20 वर्षांचे कर्ज यांचा प्रश्न असल्यामुळे भीड न ठेवता लिहितो.

तिथला चौरस फुटाचा दर ज्या गोष्टींवर चढतो, त्यांतल्या बहुतेक बिल्डरच्या हातातल्या नसतात. रस्ता रुंद होणार, मेट्रो येणार, महापालिकेचे नळ येणार, या भरवशावर शेतजमिनीचे प्लॉट होतात. त्या वाढीची किंमत बुकिंगच्या दिवशीच तुझ्याकडून वसूल होते, सोयी मात्र येतील तेव्हा येतात. वाघोलीसह 23 गावे 2021 साली पुणे महापालिकेत आली, पण हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी टाकायला वर्षे जातात.

हे ऐकीव नाही. आम्ही पुण्याच्याच उंड्रीला राहायला गेलो, तेव्हा पहाटे पाचला फाटकाशी टँकर लागायचा, वॉचमन वहीत गाडीचा नंबर टिपायचा आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला की मगच आई कपडे भिजत घालायची. टँकरचे बिल मेंटेनन्समध्ये यायचे; ब्रोशरमधल्या दरात ते कुठेच नव्हते. समोरच्या इमारतीतले बहुतेक फ्लॅट विकले गेले होते, तरी रात्री आठला दहा-बारा खिडक्यांतच दिवे दिसत. मालक दर वाढण्याची वाट पाहत दुसरीकडे राहायचे, मेंटेनन्स थकायचे, आणि लिफ्ट बंद पडली की राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांनाच वर्गणी काढावी लागायची. त्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना जिने चढताना पाहून जीव तुटत असे.

वाढीचा फायदा मूळ जमीनमालकांना मिळाल्याचे उदाहरण पुण्यातल्या हडपसरचे. तिथे मगर शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि कंपनीत भागधारक राहून मगरपट्टा ही वसाहत वसवली, म्हणून वाढत्या मोलात त्यांचा वाटा टिकला. असे फार थोड्या ठिकाणी घडले, याची मला खंत आहे.

तुला तिथे राहायचे असेल तर जरूर घे. नुसता दर वाढेल म्हणून घेऊ नकोस. घेण्यापूर्वी शेजारच्या सोसायटीतले मे महिन्याचे टँकरचे बिल पाहा, पाणी पुरवण्याचे हमीपत्र विकसकाने दिले आहे का ते विचार, आणि नकाशातला रस्ता जागेवर चालून ये. ‘उद्या दर वाढणार’ असे सांगून घाई केली, तरी 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेव.

रविवारी कागद घेऊन ये. सातबारा आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवून वाचू.