कॉन्फरन्सला टॉक पाठवायचाय, पण सांगण्यासारखं ‘मोठं’ काही नाही. प्रपोजलमध्ये काय लिहू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात आठ जणांच्या कंपनीत तीन वर्षं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर काम करता, बेंगळुरूच्या एका कॉन्फरन्सचा फॉर्म उघडून बसलात, आणि ‘ॲब्स्ट्रॅक्ट’च्या, म्हणजे टॉकच्या सारांशाच्या, चौकटीत दोन आठवडे नुसता कर्सर लुकलुकतोय. मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांपुढे आपण काय सांगणार, त्यात इंग्रजीही बेताचं.

मीही इथलाच. दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा निवडला गेलो. पुढे एका कॉन्फरन्ससाठी दोन वर्षं लोकांची प्रपोजलं वाचायचं काम केलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

माझं पहिलं प्रपोजल होतं ‘पायथॉन वापरून मशीन लर्निंगची ओळख’. त्यात चूक एकही नव्हती आणि तीच अडचण होती. ते मी लिहिलं काय आणि तुम्ही लिहिलं काय, एका अक्षराचा फरक पडला नसता. प्रपोजलं वाचणारी माणसं पगारी नसतात. ऑफिस सुटल्यावर, जेवणं आटोपल्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन एका बैठकीत तीस-चाळीस वाचतात. ‘या टॉकमध्ये आपण अमुक तंत्रज्ञानाचा सखोल आढावा घेऊ’ हे वाक्य त्या रात्री त्यांनी दहादा वाचलेलं असतं. हल्ली तर एआयकडून लिहून घेतलेली इतकी येतात की पहिल्या दोन ओळींतच कळतं. गुळगुळीत असतात, हाताला काही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की विषय पाठवू नका, तुमच्या कामात जिथे तुम्हाला नडलं ती जागा पाठवा. मोठं काही लागत नाही. माझं काय होतं ते सांगतो.

आम्ही नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याला शेतकऱ्यांच्या खात्यांचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. नाव किंवा गाव मराठीत टाकायचं, खातं उघडायचं, हिशोबपट्टी छापायची. ऑफिसात झकास चालायचं. आंबिया बहाराची संत्री यायला लागली आणि त्याचा फोन आला, “भाऊ, काटोल टाकलं का काहीच येत नाही. तुमच्या मशीनले काटोलचं वावडं हाय काय?” नरखेड टाकलं की नरखेडचे शेतकरी बरोबर यायचे. सावनेर टाकलं की सावनेरचे तर यायचेच, वर जीवन नावाचा जो कुणी खातेदार असेल तोही यायचा. दोन दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो.

दोष डेटाबेसचा नव्हताच. नावाचे शब्द पाडायला मी रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलं होतं. पायथॉनसोबतच येणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये त्याचा अर्थ अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. आणि युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘चिन्हं’, वेगळा वर्ग. म्हणजे मात्रा आली की शब्द तुटला. ‘काटोल’चे तुकडे झाले क, ट, ल. एकच अक्षर असलेले तुकडे मीच टाकून देत होतो, कारण नावातली आद्याक्षरं शोधात नको होती. काटोलचं मागे काहीच उरलं नाही. ‘नरखेड’चं ‘नरख’ उरलं, म्हणून ते चाललं. ‘सावनेर’चं उरलं ‘वन’ आणि ‘जीवन’चंही उरलं ‘वन’. झालं, दोघं एकाच दावणीला.

मग ऑफिसात टेस्ट कशा पास झाल्या? टेस्टमध्ये मी नावं टाकली होती कमल, मदन, गगन. पहिलीच्या पुस्तकातले बिनकाना-मात्रेचे शब्द! टाइप करायला सोपे म्हणून. ते कुठेच तुटत नाहीत.

उपाय एका ओळीचा निघाला. बाहेरून बसवायचं ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते मात्रांना शब्दाचाच भाग धरतं. मी मात्र तोवर ही सगळी भानगड ‘आपली मूर्ख चूक’ म्हणून विसरायला निघालो होतो. सोबतची मुलगी म्हणाली, “सर, हाच तर टॉक आहे.”

ते प्रपोजल इंग्रजीत पाठवलं, मराठीत सांगायचं तर असं होतं. शीर्षक: ‘कमल सापडते, काटोल का सापडत नाही?’ ॲब्स्ट्रॅक्ट: ‘संत्र्याच्या बाजारातल्या एका अडत्याला त्याच्या यादीतून एक अख्खा तालुका गायब झालेला दिसला. कारण पायथॉनच्या एका चिन्हात होतं, जे तुमच्याही कोडमध्ये आज असेल. हा दोष कसा शोधला, टेस्टमध्ये का लपला आणि भारतीय भाषांचा मजकूर हाताळताना तो कसा टाळायचा, हे चालत्या कोडवर दाखवेन. रेग्युलर एक्स्प्रेशन थोडंफार येणाऱ्या कुणालाही कळेल.’ बस. यात कुणाला काय मिळणार आणि ते मीच का सांगायचं, दोन्ही आलं. ‘मी अनुभवी आहे’ असं कुठेच लिहावं लागलं नाही.

आता ॲब्स्ट्रॅक्ट आणि त्याखालची सविस्तर चौकट यांत गल्लत करू नका. ॲब्स्ट्रॅक्ट छापून येतं, ते वाचून लोक तुमच्या खोलीत येतात. खालची चौकट फक्त निवडणाऱ्यांसाठी असते, तिथे गुपित राखायचं नसतं. ‘कारण काय निघालं ते टॉकमध्येच कळेल’ असं तिथे लिहिणारे मी पाहिलेत, त्यांना सरळ कमी गुण दिलेत. तिथे मिनिटं मांडा. तीस मिनिटांचा वेळ असेल तर पंचवीस तुमची, पाच प्रश्नांची धरा. माझी मांडणी होती: बाजारातला किस्सा चार मिनिटं, ‘काटोल’चे पाच कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हं, उलगडून दाखवणं सहा (डोळ्याला का-टो-ल तीनच दिसतात, पायथॉन लांबी पाच सांगतो), दोष जिवंत दाखवणं पाच, उपाय सहा, टेस्टमध्ये कोणते शब्द घालायचे ते चार. मिनिटं मांडली की तुमचं तुम्हालाच कळतं, टॉक एक आहे की तीन कोंबलेत.

मी कोंबणारच होतो. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोडपॉइंट. दिसायला एक, कॉम्प्युटरला दोन, आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (एकच मजकूर लिहायच्या तऱ्हा एकसारख्या करायची पद्धत) ते दोन एक होत नाहीत. वैदर्भीय माणसाला हे सोडवत नाही हो! पण त्यावरच अर्धा तास गेला असता. शेवटी निवडणाऱ्यांसाठी एक ओळ लिहिली, ‘प्रश्नोत्तरांत विचारलं तर हेही दाखवीन’, आणि सोडून दिलं.

काही ठिकाणी पहिल्या फेरीत नावं झाकून वाचतात, तेव्हा ॲब्स्ट्रॅक्टमध्ये तुमचं किंवा कंपनीचं नाव नको. परिचय तीन ओळींचा पुरे. जुनी प्रपोजलं मिळाली तर वाचा. पायकॉन इंडिया ही पायथॉनवाल्यांची कॉन्फरन्स २००९ पासून होते, तिथे बरीच वर्षं आलेली प्रपोजलं सगळ्यांना उघडी दिसायची आणि खाली लोक शंका विचारायचे. कुठली निवडली, कुठली नाही, हे शेजारी ठेवून पाहिलं की दहा लेख वाचल्याचं काम होतं.

मुदतीचं घड्याळ नीट बघा. ‘एओई’ लिहिलं असेल तर पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला एक मिनिट कमी. ‘यूटीसी’ म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तिची मध्यरात्र असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाच. तरीही शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. लवकर आलेलं प्रपोजल वाचणारा कधीकधी ‘हे जरा स्पष्ट करा’ म्हणून परत पाठवतो, शेवटच्या तासात आलेल्याला ती सवलत नाही. प्रवासखर्चाची मदत असेल तर तिचा फॉर्म आणि तारीख बहुतेकदा वेगळी असते. माझी ती तारीख हुकली आणि तिकीट खिशातून गेलं.

इंग्रजीची काळजी करताय, तर ऐका. वाचताना व्याकरणाच्या चुकीवरून आम्ही कुणाला काढल्याचं मला आठवत नाही. कळत नाही म्हणून काढलंय, आणि न कळणारी प्रपोजलं बहुधा फाडफाड इंग्रजीवाल्यांचीच असायची. आधी किस्सा मराठीत मित्राला सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग तेच साध्या वाक्यांत इंग्रजीत उतरवा. आणि पाच मिनिटांचा लायटनिंग टॉक म्हणून ऑफिसातच एकदा करून बघा. मी शुक्रवारी चार वाजता चहा आणि आलुबोंड्यावर केला. तेव्हा कळलं की कोडपॉइंटच्या स्लाइडवर सगळे गप्प होतात आणि सावनेर-जीवनवर हसतात. लगेच क्रम बदलला.

नाही झाली निवड तर तेच प्रपोजल दुसरीकडे पाठवा, त्यात लाज नाही. एकाच विषयावर पाच आली तर चार जातात, त्यात तुमचा काय दोष?

माझं निवडल्याचं पत्र आलं तेव्हा त्या अडत्याला सांगायला कळमन्याला गेलो. म्हटलं, तुमच्या काटोलवर बोलायला बेंगळुरूला चाललोय. वजनकाट्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “काटोलवर बोलाले तिकडे काऊन जाता भाऊ? काटोल तं हे इथं हाय, दीड घंट्यावर.”